सहावीच्या डायरीवर सही करण्याआधी

ग्वाल्हेरमध्ये शाळेचं नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. पुण्या-नाशिकची भाचरंडं तेव्हा अजून वार्षिक परीक्षेत अडकलेली असतात आणि इकडे लष्कर भागात, दौलतगंज-नया बाजारच्या घरांमध्ये नव्या वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरं चढत असतात. महिनाभर वर्ग भरतात, मग मे महिन्याची होरपळ सुरू होते आणि शाळा थेट जूनच्या मध्यावर पुन्हा उघडते. एप्रिलच्या त्या पहिल्या आठवड्यातच दप्तरातून शाळेची डायरी घरी येते. पहिली काही पानं नियमांची: वेळ, गणवेश, केस, नखं, रजेचा अर्ज, फीच्या तारखा, मोबाइल, वाढदिवसाची चॉकलेटं. सगळ्यांच्या शेवटी एक ओळ असते, की वरचे नियम वाचले आणि मान्य आहेत. खाली पालकांची सही. ती बहुतेक घरांत सकाळी, बस येण्याच्या घाईत, उभ्याउभ्या केली जाते.

पाचवीपर्यंत तसं करून निभतंही. एक क्लास टीचर जवळजवळ सगळे विषय शिकवते, तिला प्रत्येक मूल ठाऊक असतं, डबा राहिला तर ती फोन करते. सहावीत हे चित्र पालटतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेची ५+३+३+४ अशी मांडणी केली. त्यातली मधली तीन वर्षं, म्हणजे सहावी ते आठवी, साधारण ११ ते १४ या वयाची. इथे विषयागणिक शिक्षक येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही या तीन इयत्तांसाठी वेगळं माप आहे: विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक, ३५ मुलांमागे एक शिक्षक, वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन. पाचवीपर्यंत हेच माप २०० दिवस आणि ८०० तासांचं असतं. म्हणजे काम वाढतं आणि त्याच वेळी मुलावर लक्ष ठेवणारी नजर सहा-सात माणसांत वाटली जाते. गणिताच्या सरांना कच्चं काम उजव्या समासात हवं असतं, विज्ञानाच्या मॅडमना आकृती पेन्सिलीनेच हवी असते, इंग्रजीच्या वहीत तारीख वर, संस्कृतच्या वहीत आणखी कुठे. मूल रोज या वेगवेगळ्या अपेक्षा लक्षात ठेवत असतं. 'सहावीत गेल्यापासून हा विसराळू झाला' अशी तक्रार करणाऱ्या आईवडिलांनी आधी मुलाचं वेळापत्रक एकदा समोर धरून वाचावं.

डायरीतले नियम सगळे एका वजनाचे नसतात, हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही. काही नियम संसदेच्या कायद्यातून येतात, ते शाळेलाही मोडता येत नाहीत. काही राज्य सरकारच्या आदेशांतून येतात. काही त्या संस्थेने स्वतःच्या सोयीसाठी केलेले असतात आणि काही तर एकाच शिक्षकाच्या वर्गापुरते असतात. पालक सगळ्यांवर एकच सही करतात. मग वाद झाला, की समासाच्या रेषेवरून प्राचार्यांपर्यंत जातात आणि मुलाला वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा मात्र 'शाळेचा नियम असेल' म्हणून गप्प बसतात. खरं तर नेमकं उलट व्हायला हवं.

पालकांवर नियम लादण्याची सुरुवात आपल्याकडे मराठी संस्थानांनीच केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा एक रुपया गरिबाला जड जाणारा होता. आजच्या कायद्यात दंड नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न केल्यास शिक्षा सांगितलेली नाही. उलट एकविसाव्या कलमाने पालकाला शाळेच्या कारभारात जागा दिली. तिच्याविषयी पुढे.

ग्वाल्हेरला नियमांच्या शाळेची एक जुनी परंपरा आहे आणि ती गावाच्या डोक्यावरच, किल्ल्यावर उभी आहे. १८९७मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात सरदारांच्या मुलांसाठी 'सरदार्स स्कूल' निघालं. १९०८मध्ये ते किल्ल्यावर गेलं, ब्रिटिश पलटणींनी वापरलेल्या बराकींमध्ये, आणि १९३३मध्ये 'द सिंदिया स्कूल' झालं. आजही तिथे सहावीपासून मुलगे राहायला येतात. धाकट्या मुलांच्या वसतिगृहांपैकी एकाचं नाव कण्हेरखेड आहे. साताऱ्याजवळचं शिंद्यांचं मूळ गाव. कुठून कुठून आलेली अकरा वर्षांची मुलं आपला पत्ता म्हणून त्या गावाचं नाव सांगतात, हे मराठी माणसाला ऐकायला वेगळंच वाटतं.

या शाळेतला एक नियम इथे मुद्दाम पाहण्यासारखा आहे. संध्याकाळी सगळी मुलं 'अस्ताचल' नावाच्या उघड्या जागेवर, पश्चिमेकडे तोंड करून पायऱ्यांवर बसतात आणि सूर्य मावळताना शांत राहतात. बोलायचं नाही, हा नियम. पण नियमाबरोबर त्याची जागा, वेळ आणि हेतू तिघंही दिसतात. काय करायचं आणि का, हे मुलाला कुणी समजावत बसावं लागत नाही. वर्गातल्या 'बोलू नका' या पाटीला हा आधार नसतो. पालकांनी कुठल्याही शाळेचा नियम याच कसोटीवर तपासावा: त्याचं कारण मुलाला दिसतं का? दिसत नसेल, तर ते विचारण्याचा हक्क सही करणाऱ्याला आहे. चांगले शिक्षक अशा प्रश्नाने दुखावत नाहीत. बऱ्याचदा त्यांना तो कुणी विचारत नाही याचंच वाईट वाटतं.

नियमामागचं कारण हरवलं की काय होतं, याचं उदाहरण जपानने जगाला दाखवलं. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी शाळेतल्या मुलीचे केस जन्मतः तपकिरी होते. शाळेचा नियम काळ्या केसांचा. तिला पुन्हा पुन्हा केस काळे करायला लावले, शेवटी तिने शाळेत जाणं सोडलं आणि २०१७मध्ये खटला भरला. २०२१मध्ये न्यायालयाने तिला भरपाई दिली. त्या चर्चेतून पुढे टोकियो महानगराने एप्रिल २०२२पासून आपल्या सरकारी माध्यमिक शाळांमधले केसांच्या रंगासारखे अनेक नियम काढून टाकले.

आपल्याकडचं रूप वेगळं असतं. मावशीच्या लग्नाहून परतलेल्या सातवीतल्या मुलीच्या हातावर मेंदी असते, किंवा मुंजीहून आलेल्या मुलाच्या डोक्यावर फक्त शेंडी आणि वर टोपी. गणवेशाच्या नियमात मेंदीही नसते आणि टोपीही. अशा वेळी दोन ओळींची चिठ्ठी आधीच क्लास टीचरच्या हाती गेलेली असली, तर प्रकरण तिथेच मिटतं. न गेलेली असली, तर मूल प्रार्थनेच्या रांगेतून सगळ्यांसमोर बाजूला काढलं जातं आणि अकराव्या-बाराव्या वर्षी सगळ्यांसमोर बाजूला काढलं जाणं विसरलं जात नाही. शाळेने मुलाला समज द्यावी, पालकांना बोलवावं. त्याला हसण्याचा विषय करू नये. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम केवळ छडीबद्दल नाही, शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही त्यात बंदी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने तर २००० सालीच दिल्लीच्या शालेय नियमांमधली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली होती. 'आम्ही मार खाल्ला म्हणून शिकलो' असं म्हणणाऱ्या आजोबांची पिढी अजून घरात आहे, आणि तेच वाक्य ऐकून मूल शाळेतली मारहाण घरी सांगायचं टाळतं. हे वाक्य घरात बंद व्हावं, इतकी साधी अपेक्षा पालकांकडून करायला हरकत नाही.

आता गृहपाठ. मधल्या इयत्तांमध्ये घराघरांत सर्वात जास्त चिडचिड यावरून होते.

रविवारी रात्री नऊ वाजता मुलाला आठवतं, की उद्या ज्वालामुखीचं मॉडेल न्यायचं आहे. बाबा स्कूटर काढून स्टेशनरीचं दुकान गाठतात, थर्मोकोल, फेव्हिकॉल आणि पोस्टर कलर येतात, आई डोंगर कापते, ताई लेबलं लिहिते आणि ज्याचा प्रोजेक्ट तो साडेदहाला सोफ्यावर झोपी जातो. सोमवारी त्याला दहापैकी नऊ मिळतात. शिक्षिकेला कळलेलं असतं, हे कुणाच्या हातचं आहे. मुलालाही कळलेलं असतं.

अमेरिकेतल्या नॅन्सी हिल आणि डायना टायसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९मध्ये नेमक्या याच वयाच्या मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रश्न असा होता, की पालकांच्या कुठल्या सहभागाने मधल्या इयत्तांतली मुलं अभ्यासात पुढे जातात. सर्वात घट्ट नातं दिसलं ते ज्या घरांत शिक्षणाचं मोल, पुढचे बेत, अभ्यास कसा करायचा याबद्दल मुलांशी बोलणं होतं त्यांचं. शाळेच्या कार्यक्रमांना, भेटींना जाण्याचाही काही फायदा दिसला. गृहपाठात थेट मदत करण्याचा मात्र तसा भरवशाचा फायदा दिसला नाही. काही अभ्यासांत उलटाच परिणाम होता. याचा अर्थ अडलेलं गणित समजावू नये असा नाही. पण रोज शेजारी बसून वही पूर्ण करून घेणारी आई आणि 'गणितात कुठे अडलं, उद्या सरांना काय विचारशील?' असं विचारणारी आई, या दोघींत दुसरीचं काम या वयात जास्त उपयोगी पडतं. ज्या नोकरदार पालकांना संध्याकाळी वेळ मिळत नाही म्हणून मन खातं, त्यांना यात दिलासा आहे. दहा मिनिटांचं खरं बोलणं पुरतं.

गृहपाठ किती असावा, यालाही माप आहे. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला फार तर एक तास, असं सुचवलं आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. सहावी-सातवीला दोन ते तीन किलो, आठवीला अडीच ते चार. मध्य प्रदेशनेही त्याच धर्तीवर मर्यादा ठरवून दिल्या. घरच्या वजनकाट्यावर एकदा दप्तर ठेवून पाहावं. बहुतेक वेळा जास्तीचं वजन शाळेमुळे नसतं. वेळापत्रक न बघता सगळीच वह्यापुस्तकं रोज नेण्याच्या सवयीमुळे असतं. मूल स्वतः रात्री दप्तर भरायला लागलं, की हे वजन आपोआप उतरतं. यश पाल समितीने १९९३मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल दिला, तेव्हा तिचा रोख पाठीवरच्या ओझ्याइतकाच न समजता पाठ करण्याच्या ओझ्यावर होता. तो मुद्दा तीस वर्षांनंतरही तितकाच खरा आहे.

याच धोरणांमधली एक चांगली गोष्ट पालकांच्या नजरेतून सुटते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षात दहा दिवस बिनदप्तराचे असावेत आणि त्या दिवसांत त्यांनी गावातल्या कारागिरांकडे, कामाच्या जागी जाऊन शिकावं, असं शैक्षणिक धोरण सांगतं. ग्वाल्हेरसारख्या गावात याची किती सोय आहे! दगडाच्या जाळ्या कोरणारे हात इथे आहेत, गालिचे विणणारे आहेत, १९१८मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय आहे. पालक सभेत 'दहा दिवस कधी आहेत आणि मुलं कुठे जाणार' हे विचारणारा एक जरी पालक निघाला, तरी शाळेच्या नियोजनात फरक पडतो. 'अभ्यास बुडतो' म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवणारे पालक मुलाचं नुकसान करतात.

रजेचं प्रकरण ग्वाल्हेरच्या मराठी घरांना जास्त जवळचं आहे. अर्धे नातेवाईक महाराष्ट्रात. मुंज, लग्न, वर्षश्राद्ध, कुलधर्म काही ना काही निघतंच आणि झेलम एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन-येऊन आठवडा सहज जातो. शाळेला कारण मान्य असतं, आक्षेप असतो तो न कळवण्याला. अर्ज आधी द्यावा, तारखा स्पष्ट लिहाव्यात आणि 'तब्येत ठीक नाही' असं खोटं कारण मुलाच्या हातून पाठवू नये. मुलाला ते खोटं वर्गात निभवावं लागतं. परतल्यावर बुडलेला अभ्यास मिळवण्याचं काम सहावीच्या मुलाने स्वतः करावं: कुठल्या मित्राची वही आणायची, कुठल्या शिक्षकांना भेटायचं. पालकांनी इतर पालकांना फोन करून वहीच्या पानांचे फोटो मागवण्यापेक्षा हे हळू होतं, पण तीन वर्षांनी दहावीच्या उंबरठ्यावर याच सवयीचा उपयोग होतो.

वेळेच्या नियमात तर ग्वाल्हेरची हवाच हात घालते. जानेवारीत धुकं आणि कडाका इतका, की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने शाळांची वेळ पुढे ढकलली जाते किंवा सुट्टी मिळते. मेच्या आसपास पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा तीच वेळ सकाळकडे सरकते. आदेश कधी कधी रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर येतो. जुने, गेल्या वर्षीचे आदेशही त्याच सुमारास फिरत असतात, तेव्हा तारीख पाहूनच विश्वास ठेवावा. झोपेची गोष्ट मात्र ऋतूवर सोडता येत नाही. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६मध्ये सांगितलेलं माप असं आहे: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, मुलांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. याच कारणाने कॅलिफोर्नियाने कायदा करून २०२२पासून मधल्या इयत्तांच्या शाळा सकाळी आठच्या आधी भरवायला बंदी घातली. आपल्याकडे शाळेची वेळ पालकांच्या हातात नाही, पण रात्री साडेनऊनंतर फोन बाहेरच्या खोलीत राहील हे हातात आहे. पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी शिक्षकांनीही त्याची झोप विचारावी.

फोनच्या नियमावर जगभर अजून एकमत नाही. युनेस्कोच्या २०२३च्या अहवालाप्रमाणे तेव्हा चारांतल्या एकाहूनही कमी देशांनी शाळेत फोनला बंदी घातली होती. नंतर ही संख्या वाढत गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५च्या सुरुवातीला सरसकट बंदी योग्य नाही आणि चालणारही नाही असं म्हणून, शक्य असेल तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावा, वर्गात वापरू नये अशी वाट सुचवली. बहुतेक शाळा सहावी ते आठवीला फोन आणूच देत नाहीत आणि ते बरं आहे. इथे नियम मोडतात ते पुष्कळदा पालकच. 'ट्यूशनहून परस्पर जायचं आहे, दप्तराच्या तळाशी ठेव, बंद करून ठेव.' पकडला गेला की शिक्षा मुलाला होते. फोन देणं खरंच गरजेचं असेल, तर शाळेला लिहून कळवावं आणि ऑफिसात जमा करावा.

ट्यूशनवरून एक सांगायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्याला मनाई केली आहे. वर्गातल्याच शिक्षकाकडे शिकवणी लावली की मुलाला गुण बरे मिळतात, असा समज पालकांमध्ये आहे. कुणी तसं सुचवलं, तर नम्रपणे नाही म्हणण्याला कायद्याचा आधार आहे.

पालक-शिक्षक सभेला सगळे 'पीटीएम' म्हणतात. शिक्षकांनी पालकांशी नियमित भेटी घ्याव्यात आणि हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती कळवावी, हे त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात त्यांचं कर्तव्य म्हणूनच लिहिलं आहे. प्रत्यक्षात एका शिक्षकापुढे चाळीसेक पालकांची रांग असते आणि प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. ती पाच मिनिटं 'मार्क का कमी आले' यावर जातात, आणि मार्क तर कागदावर लिहिलेलेच असतात. त्याऐवजी विचारावं: वर्गात तो प्रश्न विचारतो का? कुणाबरोबर बसतो? चुकलेलं स्वतः दुरुस्त करतो का? याची उत्तरं फक्त शिक्षकांकडेच असतात. मूल बरोबर असेल, तर त्याच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलू नये. 'तूच सांग, कुठे अडचण येते' म्हणून त्याला बोलू द्यावं. 'परख' या राष्ट्रीय संस्थेने मधल्या इयत्तांसाठी जे नवं समग्र प्रगतिपत्रक तयार केलं आहे, त्यात शिक्षकाबरोबर मुलाचं स्वतःचं, सोबत्यांचं आणि पालकांचं मतही नोंदवायची सोय आहे. ते रकाने रिकामे ठेवू नयेत.

बहुतेक मराठी घरांत एक गोष्ट राहून जाते. शाळेची सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत येते, आईवडील ती वाचतात, पण दुपारी मुलाला सांभाळणारे आजी-आजोबा मराठीत विचार करणारे असतात. नियम घरातल्या त्या माणसांनाही आपल्या भाषेत सांगावेत. 'आज डोकं दुखतंय' म्हटलं की नातवाला घरी ठेवणारी आजी हजेरीचा नियम मोडते आहे, हे तिला ठाऊकच नसतं.

आता शाळेच्या कारभारातल्या पालकाच्या जागेविषयी. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. मध्य प्रदेशात तिला 'शाला प्रबंधन समिती' म्हणतात. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा, आलेला निधी, पोषण आहार, सगळं तिच्या नजरेखालून जातं. आहाराचं माप सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं असं ठरलेलं आहे. ताटात ते दिसतं का, हे कुणीही आई दुपारी जाऊन पाहू शकते. सरकारी शाळांमधल्या, गावापासून शाळा दोन किलोमीटरहून दूर असलेल्या सहावीच्या मुलांना राज्य सरकार सायकल देतं. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती बंधनकारक नाही. तिथल्या पालकांना आधार आहे तो मध्य प्रदेशच्या २०१७च्या फी नियमन कायद्याचा आणि २०२०च्या नियमांचा: दहा टक्क्यांहून जास्त फीवाढ करायची तर बऱ्याच शाळांना जिल्हा समितीकडे जावं लागतं आणि पुस्तकं-गणवेश अमक्याच दुकानातून घ्या, अशी सक्ती करता येत नाही. डायरीत तशी ओळ असेल, तर ती ओळ नियमाविरुद्ध आहे. तक्रार आधी लेखी प्राचार्यांकडे, मग जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे. १८१ ही राज्याची हेल्पलाइन आहे आणि मुलाला त्रास झाला असेल तर १०९८. बालहक्काच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो.

सातवीतून आठवीत जाताना परीक्षेची चिंता सुरू होते. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आणि मध्य प्रदेशात ती राज्य शिक्षा केंद्रामार्फत बोर्डाच्या पद्धतीने होते. २०२२-२३पासून खासगी शाळांनाही ती लागू झाली. मूल नापास झालं, तर जादा शिकवणं आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा हा त्याचा हक्क आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. 'तुमचा मुलगा दुसरीकडे बघा' असं कुणी तोंडी सांगितलं, तर ते लेखी मागावं.

आणि बदली. ग्वाल्हेरहून पुण्या-मुंबईला जाणारी घरं दरवर्षी असतात, आणि सहावी-सातवीच्या मध्यात शाळा बदलणं मुलाला जड जातं. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यावा लागतो, आणि तो उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मध्य प्रदेशातली समग्र आयडी तिकडे कामाची नाही, पण जन्मदाखला, आधी शिकलेल्या वर्गांची प्रगतिपत्रकं आणि लसीकरणाची नोंद जवळ ठेवावी. सगळ्यात मोठा फरक भाषेच्या तासाला पडतो. महाराष्ट्राच्या २०२०च्या कायद्याने तिथे सगळ्या मंडळांच्या शाळांमध्ये मराठी शिकणं सक्तीचं केलं आहे. ग्वाल्हेरचं मराठी मूल घरात अस्खलित बोलतं, पण मराठीतून लिहिण्याची वेळ त्याच्यावर शाळेत कधी आलेली नसते; 'मैंने' आणि 'मी' एकाच वाक्यात येतात, अनुस्वार कुठे द्यायचा ते माहीत नसतं. देवनागरी हाताला बसलेली असल्याने वाचायला वेळ लागत नाही. बदलीची शक्यता असलेल्या घरांनी सहावीपासूनच रोज एक पान मराठीत लिहवून घ्यावं आणि तिथल्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक आधीच मागवून ठेवावं.